कोळशाची ‘ड्रेडनॉट’ की तेलाची ‘क्वीन एलिझाबेथ’?

ब्रिटिश नौदलाची युद्धनौका ‘ड्रेडनॉट’ १९०६ साली सेवेत आली, ‘क्वीन एलिझाबेथ’ त्यानंतर आठेक वर्षांनी. पहिलीवर १२ इंची १० तोफा, वेग २१ नॉट (म्हणजे ताशी २१ सागरी मैल). दुसरीवर १५ इंची ८ तोफा, वेग सुमारे २४. पण खलाशाला विचारलं असतं, तर त्याने आधी इंधनाचाच फरक सांगितला असता.

‘ड्रेडनॉट’वर कोळसा भरायचा दिवस म्हणजे सगळ्यांचीच परीक्षा. खलाशीच नव्हे, अधिकारीही पोती ओढत. काळी धूळ नाकात, घशात, जेवणातही जाई. भरणी संपली की अख्खी नौका धुवायची. समुद्रात निघाल्यावर खाली आगवाले उकाड्यात फावड्याने भट्ट्यांना कोळसा घालत, राख उपसत. ‘क्वीन एलिझाबेथ’वर नळी जोडली की तेल आपोआप टाकीत. आगवाल्यांची संख्या घटली, पाठीही वाचल्या. माझ्या लेखी याच एका कारणासाठी ती उजवी.

कोळशाची बाजू अगदीच लंगडी नव्हती. तो ब्रिटनच्या खाणीतच मिळे आणि कडेच्या कोठारांत भरला की नौकेला थोडं संरक्षणही देई. तेल मात्र परदेशातून आणावं लागे. म्हणूनच १९१४ साली ब्रिटिश सरकारने इराणमधल्या तेल कंपनीत मोठा हिस्सा घेतला.

झोपायला खलाशांना दोन्हीकडे टांगत्या झोळ्याच.

युद्धसेवेत ‘ड्रेडनॉट’ने १९१५ साली जर्मन पाणबुडीला धडक देऊन बुडवलं, १९२१ साली ती भंगारात विकली गेली. ‘क्वीन एलिझाबेथ’ दुसऱ्या महायुद्धातही लढली.