उत्तरेच्या बाल्कनीतील सदाहरित फुलझाडे : १६ महिन्यांनंतरचा अनुभव

आमची सदनिका नाशिकच्या इंदिरानगरमध्ये तिसऱ्या मजल्यावर आहे. तिची एकुलती एक बाल्कनी उत्तरेकडे उघडते आणि समोर वीसेक फुटांवर दुसरी इमारत उभी आहे. अशा जागेत मनी प्लांटखेरीज काही येणार नाही, असे मला बहुतेकांनी सांगितले होते. मला मात्र वर्षभर पाने टिकवणारी आणि निदान काही महिने फुलणारी झुडपे हवी होती. म्हणून २०२४ च्या जूनमध्ये गंगापूर रस्त्यावरच्या एका रोपवाटिकेतून मधुकामिनी, डबल तगर, अनंत, अबोली, ब्रुनफेल्सिया आणि एक्झोरा अशी सहा रोपे आणली. त्यांपैकी पाच आजही बाल्कनीत आहेत. चार चांगली फुलतात, आणि एकाशी अजून माझी झटापट चालू आहे.

सावली म्हणजे सगळीकडे सारखाच अंधार नव्हे, हे मला प्रथम शिकावे लागले. मोबाइलवरच्या प्रकाशमापकाने दुपारी बारा वाजता मोजले, तेव्हा कठड्याला लागून सुमारे ५,००० लक्स भरले आणि चार फूट आत, भिंतीपाशी, जेमतेम ९००. (उघड्यावरच्या उन्हात हाच आकडा एक लाखाच्या घरात जातो.) डोळ्यांना दोन्ही जागा सारख्याच उजेडाच्या वाटतात, पण भिंतीपाशी ठेवलेल्या तगरीने चार महिन्यांत एकही कळी धरली नाही आणि कठड्याशी सरकवल्यावर दीड महिन्यात ती फुलली. उन्हाचे गणितही समजून घेण्यासारखे आहे. नाशिक साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत भर दुपारचा सूर्यही डोक्यावरून किंचित उत्तरेला कललेला असतो, आणि मार्चअखेरपासून सप्टेंबरपर्यंत सकाळ-संध्याकाळची तिरपी किरणे उत्तरेच्या बाल्कनीत येऊ शकतात. उलट सप्टेंबरअखेरीपासून मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत थेट ऊन शून्य. म्हणजे ज्या झाडाला सहा महिने नुसत्या उजेडावर काढता येतात आणि मे महिन्यात अचानक आलेले ऊनही सोसते, तेच येथे टिकते.

माझी सर्वांत मोठी चूक मात्र उजेडाची नव्हती, पाण्याची होती. पहिल्या पावसाळ्यात मी सवयीने रोज सकाळी पाणी घालत गेले. ऑगस्टमध्ये मधुकामिनीची खालची पाने पिवळी पडून गळू लागली. पाणी कमी पडत असावे असे समजून मी ते आणखी वाढवले. शेवटी कुंडी उलटी करून पाहिली, तेव्हा तळाची माती चिखलासारखी होती, मुळे तपकिरी पडली होती आणि बोटांत धरताच त्यांची साल निसटून येत होती. दिंडोरीला माझ्या मामांची द्राक्षबाग आहे. त्यांना फोन केला, तर ते एवढेच म्हणाले, "अगं, पाणी घालायच्या आधी कुंडी उचलून बघत जा की." मी ते शब्दशः मनावर घेतले आणि दहा इंची कुंडी घरातल्या वजनकाट्यावर ठेवू लागले. पुरेपूर पाणी दिल्यावर ती ९ किलो भरते आणि पुन्हा पाणी द्यायच्या वेळी साधारण साडेसात किलो. हा दीड किलोचा फरक पडायला मे महिन्यात चार दिवस लागले, तर जानेवारीत दहा. आता काट्याची गरज उरलेली नाही, हाताला वजन कळते.

त्याच वेळी मातीही बदलली. रोपवाटिकेतून आलेले मिश्रण बहुतांशी कोकोपीटचे (नारळाच्या काथ्याच्या भुशाचे) होते, आणि सावलीत ते आठवडाभर ओलेगच्च राहते. आता मी दोन भाग तांबडी माती, एक भाग गांडूळखत आणि एक भाग इगतपुरीकडच्या भातगिरणीतून आणलेले तूस असे मिश्रण वापरते. मातीच्या कुंड्या प्लास्टिकपेक्षा लवकर वाळतात, म्हणून सावलीसाठी मला त्याच अधिक बऱ्या वाटतात. मात्र त्या जड असतात, त्यामुळे बाल्कनीत किती ठेवायच्या याचा विचार आधी करावा. खत मी उन्हातल्या झाडांना घालतात त्याच्या निम्मेच देते आणि डिसेंबर-जानेवारीत अजिबात देत नाही.

झाडांपैकी सर्वाधिक समाधान अबोलीने दिले. तिला कडक उन्हाची गरज नसते, पाने गर्द हिरवी राहतात आणि आमच्याकडे ती एप्रिलपासून दिवाळीपर्यंत फुलत राहिली. फुलून गेलेले तुरे मी काढून टाकत असे, कारण तसे केल्यास नवे तुरे लवकर येतात. पण सासूबाईंच्या आग्रहाखातर दोन तुरे झाडावरच वाळू दिले. एके दिवशी संध्याकाळी त्यांवर पाण्याचे शिंतोडे उडाले आणि क्षणभराने 'टक्' असा आवाज झाला, मग आणखी एक. वाळलेली बोंडे ओल लागताच फुटतात आणि आतल्या चपट्या बिया दूर उडवतात. एक बी चक्क स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी सापडली.

ब्रुनफेल्सियाची फुले जांभळी उमलतात, दुसऱ्या दिवशी फिकट होतात आणि तिसऱ्या दिवसाच्या सुमारास पांढरी पडतात, त्यामुळे एकाच झुडपावर तिन्ही रंग एकत्र दिसतात. नाशिकची थंडी त्याला मानवते. फेब्रुवारीअखेरीस आमचे झाड तीन आठवडे पानांपेक्षा फुलांनीच भरलेले होते. मुळे कुंडीत थोडी दाटलेली असली तर ते अधिक फुलते, म्हणून दरवर्षी मोठ्या कुंडीत हलवण्याची घाई करू नये. एक गोष्ट मात्र गांभीर्याने सांगते : या झाडाचे सर्व भाग विषारी आहेत आणि कुत्र्यांना त्यांपासून विशेष धोका असतो. घरात कुत्रा असेल तर हे झाड आणूच नये.

डबल तगर हे सर्वांत बिनतक्रार झाड आहे. मधुकामिनी मुळे सावरल्यानंतर कित्येक महिने गप्प होती. यंदा जूनच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर तिला एकदम बहर आला, दोन रात्री घरभर सुगंध दरवळला आणि तिसऱ्या दिवशी सगळ्या पाकळ्या खाली आल्या. उन्हातली मधुकामिनी असे बहर वारंवार देते, सावलीतली क्वचित, हे स्वीकारूनच ती लावावी. एक्झोराने सहा महिन्यांत एकही गुच्छ दिला नाही. तो मी बहिणीच्या गच्चीवर पाठवला आणि तेथे तो आता लालभडक फुललेला आहे. मोहापायी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून डिसेंबरमध्ये मागवलेले अझेलिया एप्रिलच्या उष्म्यात वाळून गेले. 'सर्व हवामानात वाढते' असे त्या विक्रेत्याने लिहिले होते, याचा मला आजही राग आहे.

आता अनंताविषयी. त्याला आम्लधर्मी माती लागते आणि आमच्या सोसायटीच्या टाकीत महापालिकेच्या पाण्याबरोबर बोअरवेलचे जड, म्हणजे क्षारयुक्त, पाणी मिसळते. बादलीच्या कडेला पांढरा थर बसतो तो त्याचाच. दुसऱ्या महिन्यापासून अनंताची नवी पाने पिवळी पडू लागली, शिरा मात्र हिरव्याच राहिल्या. ही लोहाच्या कमतरतेची खूण आहे. हिराकस (फेरस सल्फेट, लोहाचा क्षार) घालून पाहिला, पण चुनखडीच्या पाण्यापुढे त्याचा गुण टिकला नाही. नंतर कृषी सेवा केंद्रातून द्राक्षबागायतदार वापरतात ते ईडीडीएचए स्वरूपातले चिलेटेड लोह (चुनखडीतही मुळांना शोषता येईल असे लोह) आणले, आणि पावसाचे पाणी कॅनमध्ये साठवून फक्त अनंतासाठी राखून ठेवले. पाने हिरवी झाली. गेल्या मार्चमध्ये अकरा कळ्या लागल्या, आणि उजेड सगळीकडून मिळावा म्हणून मी कुंडी फिरवली, तर त्यांतल्या आठ गळाल्या. उरलेल्या तिन्ही फुलल्या. कळ्या असताना अनंताची जागा बदलू नये.

कीड म्हणाल तर एकच मोठी, मिलीबग. सावलीतल्या कोंदट हवेत ती तगरीच्या पेरांत कापसासारखी बसते. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या बोळ्याने एकेक पेर पुसले आणि लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल व थोडा द्रवरूप साबण मिसळून दर आठवड्याला असे चार वेळा फवारले. पण मुंग्यांची वाट बंद केल्यावरच खरा उतार पडला, कारण मिलीबगच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड चिकट्यासाठी त्या तिची राखण करतात.

अबोलीच्या बोंडांतून उडालेल्या बियांपैकी दोन तगरीच्या कुंडीत रुजल्या आहेत. त्यांतले एक रोप मी सहा इंची कुंडीत लावून भिंतीपाशी, त्या ९०० लक्सच्या जागी ठेवले आहे. दीड महिन्यात त्याला सहा पाने आली आहेत. तुरा अजून नाही.