जुन्या सांगाड्यांवरून माणसांचं जगणं समजून घ्यायचं तर व्हॅरम पर्सी की बार्टन?
इंग्लंडमधल्या या दोन मध्ययुगीन चर्चची उत्खननं गाजली. यॉर्कशरमधलं व्हॅरम पर्सी हे ओस पडलेलं गाव. तिथल्या सेंट मार्टिन चर्चला आज छप्पर नाही. आवारात सुमारे ७०० सांगाडे निघाले. बार्टन-अपॉन-हंबरच्या सेंट पीटर्समध्ये १९७८ ते १९८४ दरम्यान जवळपास २,८००! पण आकड्याला भुलू नका, ते १० व्यापासून १९ व्या शतकापर्यंतचे आहेत. मध्ययुगीन शेतकऱ्याचं जगणं कळतं ते व्हॅरममध्ये, कारण तिथे घरंही खणली. बाळं साधारण दीड वर्षाची होईपर्यंत अंगावर पीत, हे तिथल्या हाडांच्या रासायनिक तपासणीतून उलगडलं. बार्टनच्या पाणथळ मातीत मात्र लाकडी शवपेट्याही टिकल्या. शिवाय २००७ मध्ये सांगाडे चर्चमध्येच परत आले, अभ्यासकांना पाहता येतील असे. जुने आजार अभ्यासायचे तर बार्टनच.