बारावीनंतर थेट सर्किट का अमेरिकेतलं कॉलेज?

आमच्या वहिनी दोन महिने एकच विचारायल्यात, पोरगं टेनिस चांगलं खेळतंय, बारावी झाली की पूर्णवेळ आयटीएफच्या (जागतिक टेनिस संघटनेच्या) स्पर्धा, म्हणजे सर्किट, खेळू द्यावं का स्कॉलरशिपवर अमेरिकेला पाठवावं. फोनवर सांगून दमलो, म्हणून लिहूनच टाकतो.

सर्किटची सुरुवात एम१५ पासनं, म्हणजे पुरुषांच्या सगळ्यात खालच्या स्पर्धेपासनं. मेन ड्रॉत (मुख्य स्पर्धेत) पहिली मॅच हरला तर १५६ डॉलर, रँकिंगचे पॉइंट शून्य, आणि आख्खी स्पर्धा जिंकली तरी २,१६० डॉलर नि १५ पॉइंट, त्यातनंच विमान, व्हिसा, हॉटेल, रॅकेटचं स्ट्रिंगिंग, कोच नेला तर त्याचंही सगळं. आयटीएफनेच २०१३ च्या आकड्यांवरनं काढलं होतं की पुरुषांत जगात ३३६ व्या नंबरच्या आसपास खर्च नि कमाई जुळते, तेपण कोचचे पैसे न धरता! सुमित नागल २०२३ मधे भारताचा नंबर एक असताना म्हणाला होता, खात्यात ८०,००० रुपयांच्या आसपास उरलेत. पुढं ऑस्ट्रेलियन ओपनला वरच्या नंबरच्या बुब्लिकला हरवलं हे खरंय, पण तेव्हा तो २६ चा होता, मधली वर्षं घरानं कशी काढायची?

सोलापुरात महिलांची आयटीएफ झाली तेव्हा बघायला गेलेलो. एक पोरगी हरली, जाळीवर मोजे वाळत घातले नि तिथंच खाली बसून मोबाइलवर पुढच्या गावाचं तिकीट बघायला लागली, सोबत कोणी नाही. शेंगाचटणीचं पाकीट दिलं तर आधी वजन विचारलं, बॅग आधीच जड होती म्हणे.

कॉलेजात कोच, कोर्ट, जिम, मॅचचा प्रवास त्यांचा, वर डिग्री. सोमदेव देववर्मन व्हर्जिनियातनं २००७ आणि २००८ ला एनसीएए (अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची संघटना) सिंगल्स जिंकला नि नंतर ६२ व्या नंबरपर्यंत गेला. पण वहिनींना वाटतंय तसं सगळं फुकट नसतंय. डिव्हिजन वनला (एनसीएएच्या सगळ्यात वरच्या गटात) मुलांच्या टीमला वर्षानुवर्षं साडेचार स्कॉलरशिप होत्या, त्या आठ-दहा जणांत वाटायच्या (मुलींना आठ). २०२५ पासनं नियम सैल झालेत, तरी कॉलेजनं पूर्ण द्यायलाच पाहिजे असं काय नाही, त्यामुळं तिथल्या कोचला पहिलं विचारायचं ते किती टक्के देणार.

माझं मत कॉलेज. सुट्टीत आयटीएफ खेळता येतंयच की. उलटं मात्र करू नका, वर्षभर सर्किट खेळून मग कॉलेज बघू म्हटलं तर एनसीएएच्या नियमात खेळायची वर्षं कमी होऊ शकतात. आणि तिथं नववीपासनंचे मार्क बघतात. वहिनी, त्याची नववीची मार्कशीट सापडतीय का बघा आधी.