जुनी गाडी सकाळी कुंथते: आधी स्कॅनर घ्यावा की मल्टीमीटर?

गाडी पंधरा-वीस वर्षांची झाली की हा प्रश्न कधीतरी येतोच. सकाळी सेल्फ मारला की कुंथते, तीन-चारदा मारल्यावर कशीबशी चालू होते, आणि झाली तरी स्लोवर (आयडलिंगला) टिकत नाही, आरपीएमचा काटा खाली-वर नाचतो आणि ब्रेक मारून थांबलं की बंद. मग माणूस ठरवतो की आता आपणच बघू, आणि पहिली खरेदी काय करायची यावर अडतो. मी दोन्ही घेतलं, आधी ब्लूटूथवाला ओबीडी डोंगल (गाडीच्या सॉकेटला खोचला की इंजिनच्या कॉम्प्युटरची माहिती मोबाइलवर दाखवणारा छोटा स्कॅनर) आणि मग वैतागून मल्टीमीटर नि व्हॅक्युम गेज (इंजिन हवा किती जोरात ओढतंय ते दाखवणारा काटा), म्हणून लिहितोय. मी काही मेकॅनिक नाही, एकाच गाडीवर केलेले उद्योग आहेत हे, त्या हिशोबानेच वाचा.

कार्ब्युरेटरवाली गाडी असेल तर प्रश्नच मिटला, डोंगल खोचायला जागाच नाही. इंजेक्शनची असेल तर सॉकेट सोळा पिनांचं आहे ना ते आधी वाकून बघा. अमेरिकेत १९९६ पासून आणि युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून ओबीडी सक्तीचं झालं, त्याआधीच्या बऱ्याच गाड्यांत दोन पिना जोडून चेक इंजिनचा दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजत बसायचं असा मामला होता.

स्कॅनरला नावं ठेवायची नाहीत मला. रात्रभर गार पडलेल्या गाडीत नुसती चावी ऑन करून कूलंटचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान शेजारी-शेजारी बघितलं तर ते जवळपास सारखं दिसायला हवं. हवा २५ आणि कूलंट ६० दाखवत असेल तर त्या कूलंट सेन्सरमुळे ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) इंजिन गरम वाटतंय आणि तो पेट्रोल कमी सोडतोय, सकाळी कुंथायचं एक कारण तिथेच सापडलं, आणि गंमत म्हणजे यात बिघाडाचा कोड येईलच असं नाही कारण ६० हा आकडा काही अशक्य नाही. (वायरच तुटली असेल तर मात्र उणे ४० दाखवतो, ते लगेच कळतं.) हे काम मल्टीमीटरने पण होतं, सेन्सरचा रेझिस्टन्स मोजून, पण त्यासाठी सॉकेट काढा, तक्ता शोधा, एवढी खटपट कोण करणार.

आता माझं डोकं कशाने फिरलं ते सांगतो. स्टार्टिंगचा प्रॉब्लेम असतो तो सेल्फ फिरतो त्या दोन-तीन सेकंदांत. आणि नेमका तेव्हाच डोंगल झोपतो! चावी फिरवली की व्होल्टेज खाली बसतं, ॲपवर "कनेक्ट होत आहे" असं गोल फिरायला लागतं, आणि ते परत जोडलं जाईपर्यंत गाडी एकतर चालू झालेली असते नाहीतर मी सेल्फ सोडलेला असतो. म्हणजे गाडी उभी असताना सगळं दिसतं, चालू झाल्यावर सगळं दिसतं, फक्त जे बघायला घेतला तेवढं सोडून. महागातल्या वायरवाल्या स्कॅनरना हा त्रास कमी असेल बहुतेक, मी वापरलेला नाही. शिवाय ॲपमध्ये दिसणारं बॅटरीचं व्होल्टेज माझ्याकडे मीटरपेक्षा पाव-अर्धा व्होल्ट इकडे-तिकडे असायचं, आणि १२.६ म्हणजे फुल, १२.२ म्हणजे अर्धी असा हिशोब असताना अर्धा व्होल्ट म्हणजे सगळंच आलं.

कोड एकही नाही म्हणून मी बॅटरी बदलली. चार दिवस बरं वाटलं (वाटलंच फक्त), मग परत तेच. शेवटी मीटर घेतला, सेल्फ मारताना बॅटरीवर बघितलं तर ११ च्या वर. सेल्फ रडतोय आणि बॅटरी मात्र निवांत, म्हणजे करंट पोचतच नाहीये! मग काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवरच, क्लॅम्पवर नाही, आणि लाल पिन इंजिनच्या उघड्या धातूवर धरून सेल्फ मारला. तिथे पाव-अर्ध्या व्होल्टच्या आत यायला हवं, माझ्याकडे १.४ आलं. इंजिनची अर्थिंगची पट्टी बोल्टखाली हिरवी पडली होती, पॉलिश पेपरने घासली, आवळली, संपलं. ती नवी बॅटरी उगाच. अर्थिंग नीट झाल्यावरही डोंगल सेल्फच्या वेळी मधूनमधून तुटतोच, म्हणजे तो स्वभावच आहे त्याचा.

आयडलिंगच्या बाबतीत तराजू जरा सरळ होतो हे कबूल. स्कॅनरवर फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय तो आकडा) दिसतं, स्लोवर +१८ आणि २५०० आरपीएमला +४ असं काही दिसलं तर कुठूनतरी जादा हवा खेचतेय हे जवळपास नक्की. पण सोबत पी०१७१ कोड (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) आला की लोक तडक ऑक्सिजन सेन्सर बदलतात, बिचारा खरं बोलत असतो. व्हॅक्युम गेज स्लोवर साधारण १७ ते २१ इंच (पाऱ्याच्या मापात) दाखवतो (उंचावर दर हजार फुटांना इंचभर कमी धरायचं), माझा १४ वर होता. एकेक पाइप चिमटत गेलो, पीसीव्हीचा पाइप (इंजिनच्या पोटातला वायू परत आत ओढणारा) दाबला आणि काटा चढला, पाइप खालच्या अंगाने चिरलेला, वरून अगदी ठणठणीत. काही गाड्यांत मॅप सेन्सरमुळे (आत येणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) हाच आकडा स्कॅनरवरही येतो, पण तो सेकंदाला एक-दोनदाच बदलतो आणि जळक्या व्हॉल्व्हची ती ठरावीक टकटक काट्यावरच दिसते.

तर चालू झाल्यावरचाच त्रास असेल, सेल्फ ठणठणीत असेल, तर डोंगल आधी घेतलात तरी काही चुकणार नाही, फक्त रोज खोचून ठेवू नका, सॉकेटला कायम करंट असतो आणि चार दिवस उभी असलेली गाडी तेवढ्यानेही रुसते. पण चालू होण्याचाच वांधा असेल तर मी तरी मीटरच आधी घेईन. मिन-मॅक्स बटण असलेला बघा, सेल्फ मारताना व्होल्टेज कुठवर पडलं ते धरून ठेवतो, ९.६ च्या खाली गेलं तर मग बॅटरीवर संशय घ्या. आणि पिनांना दोन-दोन मीटर वायर जोडून घ्या, फॅन-बेल्टपासून लांब ठेवून खिडकीतून आत आणली की गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढून, सीटवर बसल्या-बसल्या एकट्याने टेस्ट होते. मी आधी सेल्फ मारायला घरच्यांना खाली बोलवायचो, तिसऱ्या दिवशी कोणी येईना.