जुन्या एंटरप्राइजसाठी हवेच्या बॅगा की फोम?

लाकडी एंटरप्राइज, म्हणजे दोघांची छोटी शिडाची होडी, हाती आली की आधी ठरवावं लागतं: बॉयन्सीसाठी (पाणी भरलं तरी होडी तरंगत राहावी म्हणून) फुगवायच्या बॅगा घ्यायच्या की फोमचे ठोकळे बसवायचे? खडकवासल्याच्या पाण्यात मी दोन्ही वापरलं आहे.

फोममध्ये निर्धास्तपणा मोठा. टोचला तरी बिघडत नाही, हवेची काळजी नाही. थर्माकोल मात्र नको, त्याचे मणी सुटतात. पॉलिथिन फोम बरा. होडी फायबरची असेल तर तुम्हाला कदाचित फोमच सोयीचा पडेल.

माझं मन फिरलं ते प्लायवुडमुळे. जॅक होल्टने 1956 साली आखलेली ही होडी मुळात प्लायचीच. ठोकळा बाकाखाली घट्ट बसला की त्याच्या आणि प्लायच्या फटीत पाणी शिरतं, आणि ते वाळतच नाही. पावसाळ्यानंतर ठोकळा उपसून पाहिला, तर मागचं लाकूड काळं पडलेलं, नख रुतेल इतकं मऊ, वर कुबट वास. बाहेरून वॉर्निश मात्र चकचकीत! बॅगेचे पट्टे सोडून हवा काढली की अख्खा कोपरा उघडा होतो; पुसा, वाळवा, तपासा. लाकडी होडीला याहून मोठी सोय नाही, असं मला तरी वाटतं.

बॅगेकडे लक्ष द्यावं लागतं, हे खरंच. सकाळच्या गारव्यात टणक फुगवली आणि होडी उन्हात राहिली, तर दुपारी जोडांवर ताण येतो. म्हणून जरा सैलच ठेवावी. दाब कमी होत असेल तर व्हॉल्व्हला साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघावेत.

खरी मेहनत पट्ट्यांची. 50 लिटरची बॅग पूर्ण बुडाली की साधारण 50 किलोंच्या जोराने वर ओढते. नुसत्या प्लायमध्ये मारलेले छोटे स्क्रू तेवढ्याने उपसून येतात. आत लाकडी पट्टी इपॉक्सीने चिकटवून स्क्रू तिच्यात घ्यावेत, आणि ओढ स्क्रूवर आडवी येईल असे. पट्टा रुंद हवा, अरुंद असला तर बॅगेत रुततो.

दोन्ही बाजूंना बाकाखाली बॅगा लागतातच, पण मास्टच्या (डोलकाठीच्या) पुढचीही वगळू नका. ती नसली तर पाणी भरताच होडी पुढून बुडायला लागते. बाजूच्या बॅगा फार वर बांधल्या तर आडवी पडलेली होडी उंच तरंगते आणि सेंटरबोर्डला, म्हणजे तळातून पाण्यात उतरणाऱ्या ज्या फळीला धरून होडी सरळ करतात तिला, हात पुरत नाही.

सगळं बांधून झालं की उथळ पाण्यात होडी मुद्दाम भरून बघा. सेंटरबोर्ड ज्या पेटीतून खाली उतरतो तिचं वरचं तोंड पाण्याच्या वर राहिलं पाहिजे. ते बुडत असेल तर बाजूला मोठी बॅग घ्या, नाहीतर बादलीने उपसाल तेवढं पाणी तिथूनच पुन्हा आत येईल.