तुरुंगात ‘तो’, मंत्रालयात ‘ते’ : भाषांतर वाचून दाखवणाऱ्या एका ॲपचा अनुभव

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर बारीक अक्षरे वाचणे जड जाऊ लागले, तेव्हा मुलाने माझ्या फोनवर इंग्रजी मजकुराचे मराठी भाषांतर करून ते मोठ्याने वाचणारे एक ॲप बसवून दिले. वर्गणी वर्षाला हजार रुपयांच्या आत आहे. साताऱ्यात हायस्कूलवर एकतीस वर्षे मराठी शिकवल्यामुळे माझा कान जरा तिखट आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

परीक्षेसाठी दक्षिण आफ्रिकेचे क्रीडामंत्री गेटन मॅकेन्झी यांच्यावरचा एक लांब लेख निवडला आणि गांधी मैदानाच्या कट्ट्यावर दोन मित्रांसह तो ऐकला. माणूस विलक्षण आहे. जन्म 1974 चा, ब्लूमफाँटेनचा. तरुणपणी बँक दरोडे आणि त्यापायी सात वर्षांहून अधिक तुरुंगवास. 2002 मध्ये ग्रूटफ्लेई तुरुंगातल्या रक्षकांचे गैरव्यवहार छुप्या कॅमेऱ्याने टिपण्यात ते पुढे होते. सुटकेनंतर व्याख्याने, खाण कंपन्यांना सल्ला, नाइट क्लब असे उद्योग केले, 2013 मध्ये पॅट्रिऑटिक अलायन्स हा पक्ष काढला आणि जुलै 2024 मध्ये क्रीडा, कला व संस्कृती खात्याची शपथ घेतली. एवढा तपशील ॲपने सन-आकड्यांसह बिनचूक ऐकवला, याचे श्रेय दिलेच पाहिजे.

उच्चारांत मात्र ते घसरते. ‘चोर’ शब्दातला च हिंदी वळणाने ‘च्योर’ असा येतो, आणि या लेखात तो वारंवार येणे अपरिहार्यच होते. नाइट क्लबचे ‘रात्रीचे मंडळ’ झाल्यामुळे एका मित्राच्या डोळ्यांपुढे गणपतीचे जागरण उभे राहिले. मॅकेन्झी 2022 मध्ये सेंट्रल कारू जिल्ह्याचे ‘महापौर’ झाले, असे ऐकून आम्ही मोठे शहर कल्पिले. वास्तविक तो आपल्या माण-खटावसारखा कोरडा, आणि त्याहूनही विरळ वस्तीचा मुलूख आहे. तिथे जिल्हा परिषदेच्या अध्यक्षाशी तुलना केली असती, तर पद चटकन कळले असते.

सर्वांत मोठा गोंधळ ‘महापंख्यांचा’ झाला. मंत्री झाल्यावर मॅकेन्झी यांनी महापंख्यांचा परदेश प्रवासखर्च बंद केला, असे ॲपने गंभीरपणे सांगितले. संघामागे देशोदेशी फिरणारे हे हौशी पाठीराखे आहेत, हे उमगायला आम्हांला ‘सुपरफॅन’ हा मूळ इंग्रजी शब्द पाहावा लागला. उमगल्यावर मित्र एकदम ताठ बसला. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1952 मध्ये हेलसिंकीला जाऊन कुस्तीचे कांस्यपदक घेऊन आले, ते लोकांनी जमवलेल्या पैशांवर. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी तर त्यासाठी स्वतःचे घर गहाण ठेवले होते. खेळाडूसाठी वर्गणी काढलेल्या जिल्ह्यात प्रेक्षकांच्या तिकिटाचा विषय निघाला, म्हणजे अर्धा तास तरी हवाच.

पण माझी खरी तक्रार सर्वनामाची आहे. दरोडा घालताना ‘तो’, छुप्या चित्रीकरणाच्या वेळी ‘ते’, क्लब उघडताना पुन्हा ‘तो’, शपथ घेताना ‘ते’, आणि पुढच्याच वाक्यात ‘तो म्हणाला’! इंग्रजीत हा प्रश्नच उद्भवत नाही. मराठीत मात्र माणसाला ‘ते’ कधीपासून म्हणायचे, हा चरित्रकाराचा निर्णय असतो आणि तो एकदाच घ्यावा लागतो. एका मित्राच्या मते तुरुंगातले गैरप्रकार उघड केले तेव्हाच मॅकेन्झी ‘ते’ झाले. दुसऱ्याच्या मते ते अहोजाहो खुर्चीला आहे. मी असतो, तर पहिल्या ओळीपासून ‘ते’च ठेवले असते. ॲपने वाक्यागणिक नाणेफेक केली.

ज्यांना केवळ बातमीचा आशय हवा आहे, त्यांनी हे ॲप जरूर घ्यावे. चरित्र ऐकायचे असेल, तर मूळ मजकूर जवळ ठेवावा. वरील सर्व दोष मी सविस्तर, नमुना वाक्यांसह कंपनीला लिहून कळवले. तिसऱ्या दिवशी मराठीतच उत्तर आले : ‘प्रिय ग्राहक, तुझ्या अभिप्रायाबद्दल धन्यवाद.’