अलास्का क्रूझ: मोठी बोट की छोटी? एकाच उन्हाळ्यात दोन्ही केल्यावर

दर जानेवारी-फेब्रुवारीत आमच्या सिअ‍ॅटलच्या मराठी ग्रुपवर एक प्रश्न ठरलेला असतो. आई-बाबा उन्हाळ्यात येतायत, अलास्का क्रूझ करायची आहे, कुठली घेऊ? उत्तरंही ठरलेली. कुणी डीलची लिंक टाकतं, कुणी म्हणतं बाल्कनी घ्याच, कुणी म्हणतं बाल्कनीत थंडीने बसवत नाही, पैसे वाचवा. बोट केवढी असावी हे मात्र कुणी काढत नाही, कारण सिअ‍ॅटलहून सुटणाऱ्या बहुतेक बोटी अवाढव्यच असतात आणि छोट्यांच्या जाहिराती आपल्यापर्यंत फारशा पोचत नाहीत.

गेल्या वर्षी आमच्या दोन्ही झाल्या. मे अखेरीला आई-बाबांना घेऊन मोठी, आणि ते पुण्याला परत गेल्यावर ऑगस्टच्या शेवटी नवरा, मी आणि लेक अशा तिघांनी छोटी. आता क्रेडिट कार्ड फिटलंय, फोटो दाखवायची हौसही फिटलीय, म्हणून लिहायला हीच वेळ बरी. आल्या आल्या लिहिलं असतं तर दोन्हींना पाच-पाच तारे दिले असते. कंपन्यांची नावं देत नाही. त्यातल्या बऱ्याच गोष्टी सगळ्यांकडे सारख्याच असतात.

मापाचा अंदाज यावा म्हणून: सिअ‍ॅटलहून जाणाऱ्या क्वांटम क्लासच्या बोटी साधारण ३४८ मीटर लांब, प्रवासी चार हजारांच्या वर आणि कर्मचारी दीड हजार. नॉर्वेजियन ब्लिस थोडी कमी लांब, पण त्याच पंगतीतली. आमची मोठी बोट याच मापाची होती. छोटीवर प्रवासी ऐंशीच्याही आत.

आधी व्हिसाचं बोलू, कारण निम्म्या लोकांचा निर्णय खरं तर इथेच व्हायला हवा. मोठ्या क्रूझ बोटी जवळपास सगळ्या परदेशी झेंड्याच्या असतात, बहामाज वगैरे. अमेरिकेत १८८६ चा एक कायदा आहे, त्यामुळे अशा बोटीला सिअ‍ॅटलहून अलास्का करून परत सिअ‍ॅटलला यायचं तर मध्ये एक परदेशी बंदर घ्यावंच लागतं. म्हणून शेवटच्या संध्याकाळी ती कॅनडातल्या व्हिक्टोरियाला लागते. लागते म्हणजे काय, आमची आठ वाजता लागली आणि बारा वाजायच्या आत सुटली. तेवढ्यासाठी भारतीय पासपोर्टवाल्या आई-बाबांना कॅनडाचा व्हिसा काढावा लागतो, आणि अमेरिकेचा व्हिसा मल्टिपल एंट्रीचा आहे ना तेही बघावं लागतं. 'आम्ही तिथे उतरणारच नाही' हे चालत नाही. कागद बोटीवर चढतानाच तपासतात. आमच्या पुढच्या रांगेतल्या एका आजी-आजोबांना धक्क्यावरूनच मागे फिरावं लागलं. मुलगा आणि सून सामानाचे टॅग हातात धरून नुसते उभे. छोट्या बोटींपैकी बऱ्याच अमेरिकेत बांधलेल्या आणि अमेरिकी झेंड्याच्या असतात (शंभर प्रवाशांची नॅशनल जिऑग्राफिक क्वेस्ट तर २०१७ मध्ये आमच्या शेजारच्या व्हिडबी बेटावरच बांधली). त्या जुनो, सिटका, केचिकन अशा बंदरांतूनच फिरतात, मग कॅनडाचा संबंधच येत नाही. विमानाने अलास्कात जाऊन बोट पकडायची. तिकिटाचा खर्च वेगळा, हे धरून चाला.

दुसरं, बोट लागणं, म्हणजे मळमळणं. 'एवढी मोठी बोट, हलणार कशी?' असं मला तीन जणांनी सांगितलं होतं. सिअ‍ॅटलहून निघालेल्या बोटी बऱ्याचदा व्हँकूवर बेटाच्या पश्चिमेने, म्हणजे उघड्या पॅसिफिकमधून वर जातात. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला बुफेतल्या बशा एका लयीत सरकायला लागल्या आणि आई आलेपाक तोंडात धरून केबिनमध्ये आडवी झाली ती संध्याकाळीच उठली. बाबांना काही झालं नाही. लहानपणी मुंबईहून विजयदुर्गाला आगबोटीने जायचे, त्याचा अभिमान त्यांनी दिवसभर मिरवला. छोटी बोट जास्त हलत असेल असं वाटतं, पण ती बेटांमधल्या आडोशाच्या खाड्यांतच फिरते आणि रात्री बहुतेक नांगर टाकून उभी राहते. एक चॅथम स्ट्रेट ही सामुद्रधुनी ओलांडताना वारं होतं तेवढा तासभर सोडला तर आम्हाला काही जाणवलं नाही. तेव्हा आकारापेक्षा मार्ग बघा. ज्यांना बोट लागते त्यांनी मोठी हवी असली तरी व्हँकूवरहून सुटणारी घ्यावी, ती बेटांच्या आतल्या बाजूने जाते.

मोठ्या बोटीचं खरं सुख मला जेवणाच्या टेबलावर मिळालं. पहिल्या रात्री हेड वेटरला सांगितलं, दोघं शाकाहारी. दुसऱ्या रात्री आमच्या टेबलावरचा मुलगा, गोव्यातला, डिचोलीकडचा, आईला मराठीत विचारता झाला, "आई, उद्यापासून वरण-भात करायला सांगू?" तिसऱ्या रात्री मेनूत नसलेलं पिवळंधमक वरण आलं, भात थोडा चिकट, वर तुपाच्या जागी बटर आणि बशीत लिंबाची फोड. आईने त्याची सगळी उलटतपासणी घेतली: घरी कोण, कॉन्ट्रॅक्ट किती महिन्यांचं, आईला फोन कधी करतोस. गोव्या-कोकणातली कितीतरी मुलं बोटीवर आहेत, ते असं समोर दिसलं. आईला आज अलास्काबद्दल विचारलं तर ती हिमनदीच्या आधी या पोराबद्दल सांगते.

बाकी सोयींचं थोडक्यात. लिफ्ट, डॉक्टर, व्हीलचेअर, संध्याकाळचा शो, मुलांचा क्लब, सगळं आहे आणि चांगलं आहे. लेक आम्हाला फक्त जेवायला भेटायची. पंच्याहत्तरीच्या माणसाला बीपीची गोळी विसरल्यावर डॉक्टर दोन मजले खाली आहे हे कळणं, याची किंमत करता येत नाही. पण आईच्या गुडघ्यांना केबिनपासून जेवणाच्या हॉलपर्यंतचा कॉरिडॉरच पुरे झाला. केबिन निवडताना समुद्र कसा दिसेल हे मागाहून बघा. लिफ्टजवळची आणि बोटीच्या मधोमधची घ्या, तिथे हलतंही कमी. शो, जेवण, टूर सगळं फोनवरच्या अ‍ॅपमधून, त्यामुळे बाबांची सेक्रेटरी म्हणून आमची दहा वर्षांची मुलगी कामाला होती.

आता बंदरं, म्हणजे ज्यासाठी गेलो ते.

जुनो हे साधारण बत्तीस हजार वस्तीचं राजधानीचं गाव. रस्त्याने तिथे पोचताच येत नाही, बोट नाहीतर विमान. तिथे एका दिवशी पाच-पाच मोठ्या बोटी लागतात. आधी त्याहून जास्तही लागायच्या; गावकरी वैतागले, म्हणून २०२४ पासून दिवसाला पाचच असं ठरलं. शनिवार पूर्ण बोटींविना ठेवावा असा प्रस्तावही त्याच वर्षी मतदानाला आला होता, तो पडला. धंदा बोटींवरच आहे म्हटल्यावर पडणारच. आमची बोट त्या दिवशी पाचवी, म्हणजे धक्क्यावर जागा नाही, खाडीत नांगरलेली. लहान बोटींतून माणसं किनाऱ्यावर न्यायची, आणि त्यासाठी नंबर. बाबा खूश: "अरे, हे तर आपले पडाव!" कोकणात आगबोट लांब उभी राहायची आणि पडावातून खांद्यावर सामान घेऊन उतरायचं, ते त्यांना आठवलं. आईला तो आनंद झाला नाही, कारण आमचा नंबर यायला सव्वा तास लागला. मेंडनहॉल हिमनदीच्या बससाठी परत रांग. व्हेल बघायची टूर बोटीकडून घेतली होती. धक्क्यावरचे लोक तीच जवळपास पाऊण किमतीत देत होते. फरक एवढाच की बोटीची टूर उशिरा आली तर बोट थांबते. आई-बाबा बरोबर असताना मी तो विमा पुन्हाही घेईन.

स्कॅगवेला मात्र गर्दी असूनही मजा आली. गाव बाराशे वस्तीचं. १८९८ ते १९०० मध्ये सोन्याच्या लोंढ्यामागोमाग बांधलेली व्हाइट पासची नॅरोगेज रेल्वे डोंगराच्या कडेकडेने सुमारे २,८६५ फुटांवर चढते, आणि सगळं बसल्या जागी दिसतं. गुडघे दुखणाऱ्यांसाठी यापेक्षा चांगली सोय अलास्कात नाही. डावीकडची खिडकी धरा. केचिकनला पाऊस होता. तिथे वर्षाला दीडशे इंच पडतो असं गाइड फार कौतुकाने सांगत होता. बाबांनी त्याला आंबोलीचा आकडा सांगितला.

हिमनदीचा दिवस हा सगळ्यांच्या अपेक्षेचा दिवस. आमची बोट एंडिकॉट आर्म या हिमनदीकडे जाणाऱ्या खाडीत शिरली आणि पाण्यात बर्फ फार आहे म्हणून कॅप्टनने अलीकडूनच वळवली. त्यात कुणाचाच दोष नाही, मोठ्या बोटीला असं वळावं लागतंच. पण चार हजार माणसं एकाच कठड्याला येऊन उभी राहिली की पुढच्याचं डोकं दिसतं. आई-बाबांनी तो नजारा शेवटी खालच्या कॉफीशॉपच्या काचेतून निवांत पाहिला, आणि त्यांना तो आवडला, हेही खरं.

ऑगस्टमध्ये छोटीने गेलो तेव्हा ग्लेशियर बे नॅशनल पार्कात होतो. तिथे मोठ्या क्रूझ बोटी दिवसाला फक्त दोन सोडतात, त्यातून कुणी पाय उतरवत नाही. पार्कचे रेंजर बोटीवर येऊन माहिती देतात. आमच्याकडेही रेंजर आली, पण रात्रीचं जेवण आमच्याबरोबर जेवली आणि नकाशा टेबलावर पसरून दाखवला: १७९४ मध्ये इथे खाडीच्या तोंडापर्यंत बर्फ होतं, १८७९ पर्यंत ते चाळीसहून जास्त मैल मागे सरकलं होतं. दुसऱ्या दिवशी कयाक पाण्यात सोडले. लेक माझ्यापुढे बसली होती. शेजारून सतरंजीएवढा बर्फाचा तुकडा गेला आणि त्यातून बारीक तडतड ऐकू आली. आत दाबून राहिलेली हवा बाहेर पडते, तिचा आवाज. लेकीने वल्हं आत घेतलं आणि कान लावून ऐकत बसली. ही गोष्ट चौदाव्या मजल्यावरच्या बाल्कनीतून कितीही पैसे देऊन मिळत नाही.

व्हेलचंही तसंच. हंपबॅक जातीच्या व्हेलपासून शंभर यार्ड लांब राहायचा कायदा मोठ्या-छोट्या सगळ्यांना आहे. पण छोटीला घाई नसते. माशांचा थवा हवेच्या बुडबुड्यांनी कोंडून सगळ्या व्हेल एकदम तोंड उघडून वर येतात, ते बघायला आमची बोट इंजिन बंद करून जेवणाची वेळ टळेपर्यंत थांबली. मोठीला पुढच्या बंदराची वेळ गाठायची असते.

छोटीचा त्रासही सांगते, कारण जाहिरातीत तो नसतो. केबिन म्हणजे दोन बंक आणि मधे उभं राहण्यापुरती जागा. न्हाणीघरात शॉवर कमोडच्या डोक्यावरच, त्यामुळे अंघोळ केली की सगळंच धुऊन निघतं. सकाळी सहाला नांगराची साखळी वर ओढतात, आणि आमची केबिन पुढच्या टोकाला. गजराची गरज पडली नाही. लिफ्ट नाही, डॉक्टर नाही, वाय-फाय नाही. शाकाहारी जेवण मिळतं, आधी फॉर्ममध्ये लिहिलं तर, पण रोज डाळिंबीच्या उसळीचा भास देणारं काहीतरी मसूर-किनोआ येतं, आणि बाकीचे साल्मन-खेकड्यांवर ताव मारत असतात. मासे खाणाऱ्यांची चंगळ. आम्ही खातो, म्हणून निभावलं. तरी मेतकूट नेलं होतं. आणि सहप्रवासी? बरेचसे निवृत्त अमेरिकन, पक्ष्यांच्या वह्या घेऊन आलेले. पहिल्या दिवशी लेक कंटाळली, मग कप्तानाने तिला ब्रिजवर, म्हणजे बोट चालवतात त्या खोलीत, येऊ दिलं आणि तिचा मुक्काम तिकडेच हलला.

पैशांचं: छोटी माणशी अडीच-तीन पट पडली. मोठीवर दिसतो त्या भाड्यात टीप (माणशी दिवसाला पंधरा-वीस डॉलर), टूर, वाय-फाय, दारू घालून बघा, अंतर कमी होतं. मिटत मात्र नाही. छोटीवर कयाक, ट्रेक, गाइड सगळं त्यातच होतं.

माझं मत विचाराल तर, आई-बाबांसाठी छोटी घेऊ नका, कितीही निसर्गप्रेमी असले तरी. रबरी बोटीतून गुडघाभर पाण्यात उतरायचं असतं. आणि नवरा-बायको दोघंच, चालणारे-फिरणारे असाल, तर मोठीवर पैसे घालू नका. एक वर्ष थांबा, साठवा. मधला मार्गही आहे, तो मला उशिरा समजला: व्हँकूवरहून सुटणाऱ्या दोन-अडीच हजारांच्या बोटी, ज्यांच्या वेळापत्रकात ग्लेशियर बे असतं. एजंटला 'अलास्का क्रूझ' एवढंच सांगू नका. सुटणार कुठून, ग्लेशियर बे आहे का, जुनोत त्या दिवशी आणखी किती बोटी आहेत, हे तीन विचारा. शेवटच्याचं उत्तर एजंट देत नाहीत, पण बंदराचं वेळापत्रक कुणालाही बघता येतं.

येत्या जूनमध्ये सासू-सासरे येतायत. त्यांच्यासाठी हीच मधल्या मापाची बघितली आहे. सासऱ्यांची पुण्याच्या व्हीएफएसमध्ये, म्हणजे व्हिसा केंद्रात, कॅनडाच्या व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायची तारीख लागली की डिपॉझिट भरणार, त्याआधी नाही.